बेगमी आणि बेणे

रोहिणी नक्षत्र लागले की कोकणातल्या घरांतून पूर्वी एकच लगबग उडत असे. मिरच्या, हळद, आमसुले, फणसाची साठे, पापड, चुलीला लागणारी लाकडे, सारे पावसाआधी घरात यायला हवे. एकदा मृगाची झड लागली की कित्येक दिवस बाजार नाही, वाट नाही आणि ऊनही नाही. या तयारीला आगोटीची बेगमी म्हणत. या बेगमीच्या गडबडीतच, पडवीच्या एखाद्या कोरड्या कोपऱ्यात, अंगाला माती लागलेले काही सुरण, करांदे आणि कणगी निराळी पडून असत. त्यांच्याकडे बोट दाखवून एखाद्या मुलाने विचारले, "हे भाजीला का नाही घेत?" तर उत्तर ठरलेले असे : "ते बेणे आहे, त्याला हात लावायचा नाही." पहिला पाऊस पडला की ते जमिनीत जायचे.

खाण्यासाठी ठेवतात ती बेगमी आणि लावण्यासाठी ठेवतात ते बेणे. धान्याला आपण बी म्हणतो. पण ऊस, हळद, आले, सुरण, बटाटा यांच्या बाबतीत आपल्या भाषेने बेणे हा स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. हे दोन शब्द ज्या घराने नीट वेगळे ठेवले ते घर तगले, असे सरसकट म्हणता आले असते तर गोष्ट सोपी होती. परंतु कंदमुळे साठविण्याचा निरनिराळ्या देशांचा इतिहास वाचू लागले की असे दिसते की, हा केवळ घरच्या बाईच्या शिस्तीचा प्रश्न नव्हे. बेणे राखायला शिस्त लागते, तसे ज्ञानही लागते. आणि या दोहोंपलीकडे, कठीण काळात पोटाला दुसरे काहीतरी मिळावे लागते. या लेखात तोच इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे.

मुळात कंद म्हणजे काय, हे आधी पाहू. गाजर, बीट, सलगम ही थंड देशांत दोन वर्षे जगणारी झाडे. पहिल्या वर्षी ती पाने वाढवितात आणि त्या पानांनी तयार केलेले अन्न खाली मुळात भरून ठेवतात. हिवाळ्यात वरची पाने गळून जातात. पण जमिनीखालचे मूळ जिवंत राहते, आणि वसंतात त्याच शिदोरीवर झाड पुन्हा वर येते, फुलते आणि बी धरते. बटाटा आणि सुरण ही खरे पाहता मुळे नव्हेत, जमिनीखाली फुगलेली खोडे आहेत. पण त्यांचे कामही तेच. म्हणजे झाडाने स्वतःच्या पुढच्या वर्षासाठी केलेली ही बेगमी असते आणि आपण ती मधल्यामध्ये उचलतो.

यावरून साठवणीचे सारे शास्त्र निघते. काढलेला कंद मेलेला नसतो, निजलेला असतो. तो श्वासोच्छ्वास करतो, त्यातून थोडी ऊब आणि ओल सोडतो. ढीग कोंडला तर ती ऊब वाढून कंद कुजतो. फार कोरडे पडले तर सुरकुततो. उजेड लागला तर बटाटा हिरवा पडतो आणि त्यात कडू विष तयार होते. गरम जागी ठेवला तर त्याची झोप मोडून मोड फुटतात, आणि पाणी गोठण्याइतकी थंडी लागली तर आतून फुटून त्याचा लगदा होतो. तेव्हा कंद साठविणे म्हणजे एका जिवंत वस्तूला निजवून ठेवणे. पाळण्यातल्या मुलाला जसे ना फार उकडू द्यायचे, ना फार गारठू द्यायचे, तसेच हे.

युरोपातल्या शेतकरी घरांना हे काम चुकत नसे. तेथे नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत शेतात काही उगवत नाही. आपल्या आगोटीसारखीच त्यांचीही बेगमी असे. फरक इतकाच की, आपली पावसापुरती, त्यांची बर्फापुरती. शरद ऋतूत एखाद्या कोरड्या दिवशी कंद काढीत, काही तास वाऱ्यावर ठेवून साल सुकवीत, आणि ज्याला फावड्याचा घाव लागला असेल असा प्रत्येक कंद निवडून बाजूला काढीत. तो आधी खायचा. कारण एक सडका कंद शेजारच्या दहांना सडवितो. गाजरे आणि बीट तळघरात पेटीमध्ये किंचित ओलसर वाळूचे थर देऊन ठेवीत. बिटाची पाने कापीत नसत, हाताने पिळून तोडीत. कापली तर लाल रस गळून जातो. बटाटे किंवा सलगम पुष्कळ असले तर उंच, कोरड्या जागी जमिनीवर पेंढा पसरून त्यांची लांबट रास करीत, वरून पुन्हा वीतभर पेंढा आणि त्यावर मातीचा जाड थर थापीत. पाणी निघून जावे म्हणून भोवती चर खणीत आणि माथ्यावर पेंढ्याची एक जुडी उभी खोचून ठेवीत. ती जुडी म्हणजे त्या राशीचे धुराडे. आतली दमट वाफ तिच्यातून बाहेर पडे.

काही मुळे तर काढीतच नसत. पार्सनिप म्हणून गाजराच्याच कुळातले एक पांढरे मूळ आहे. ते जमिनीतच राहू देत, आणि चांगले गारठून गेल्यावर लागेल तसे खणून आणीत. थंडीने त्याच्यातल्या पिष्टाची साखर होते आणि ते अधिक गोड लागते. ही साखरेची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे आपल्या स्वयंपाकघरात ती पुन्हा भेटणार आहे. गुरांच्या वैरणीसाठीही सलगम राखून ठेवण्याची रीत पुढे फार वाढली. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात चार्ल्स टाउनशेंड या सरदाराने तिचा इतका पुरस्कार केला की लोकांनी त्याचे नावच 'सलगम टाउनशेंड' पाडले.

परंतु ज्या कंदाने युरोपच्या हिवाळ्याचे सारे गणित पालटले तो बटाटा मूळचा तिकडचा नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या परिसरात. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. तेथील लोक बटाटा पिकवू लागले त्याला सात-आठ हजार वर्षे झाली असावीत असे मानतात. इतक्या उंचीवर दुसरे पीक फारसे साधत नाही, आणि बटाटा काही वर्षानुवर्षे टिकत नाही. मग दुष्काळाच्या वर्षी खायचे काय? या अडचणीवर तेथील लोकांनी जी युक्ती काढली तिला जगाच्या पाककलेत तोड नाही.

जून-जुलै हे तिकडचे कडक थंडीचे महिने. रात्री पाणी गोठते आणि दिवसा लख्ख ऊन पडते. त्या दिवसांत उघड्या माळावर छोटे छोटे बटाटे पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सुटतात. असे काही दिवस झाले की घरातली माणसे, बायका-मुलांसकट, अनवाणी पायांनी ते तुडवतात. त्यातून पाणी आणि साल निघून जाते. मग ते उन्हात खडखडीत वाळवतात. याला चून्यो म्हणतात. पांढरा चून्यो करायचा असेल तर वाळविण्यापूर्वी काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात. या क्रियेने दुहेरी काम साधते. उंचावर तग धरणारे बटाट्याचे वाण कडू असतात, त्यांचा कडूपणा आणि विषारी अंश बराचसा निघून जातो. आणि चार-पाच शेरांचा ढीग शेरभर वजनाचा होऊन वर्षानुवर्षे टिकतो. गोड्या बटाट्याला निजवून ठेवता येत नाही तेव्हा कडव्या बटाट्याला पुरते मारून ठेवायचे, असा हा मार्ग आहे.

आपल्याकडेही याला एक जवळचे उदाहरण आहे, ते म्हणजे हळद. शेतातून निघालेली ओली हळद शिजवून वाळविली की तिचे हळकुंड होते आणि ते फार काळ टिकते. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून त्यांत ही हळद वर्षानुवर्षे साठवीत. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. पण हळद शिजविण्यापूर्वी शेतकरी एक गोष्ट विसरत नाही. चांगले जेठे गड्डे तो बेण्यासाठी वेगळे काढतो, झाडाच्या सावलीत त्यांचा ढीग करून वर हळदीचाच पाला झाकतो आणि वैशाख-ज्येष्ठापर्यंत राखून ठेवतो. शिजविलेली हळद ही बेगमी, सावलीतले गड्डे हे बेणे. अँडीजमध्येही तसेच. चून्यो खाण्यासाठी, परंतु लावण्याचे बटाटे मात्र जिवंत, निरनिराळ्या वाणांचे, काळजीपूर्वक निवडून अंधाऱ्या गार जागी ठेवलेले. तेथील पुष्कळ गावांतून ही निवड आणि साठ्याची देखरेख आजही बायकांकडेच असते.

इंका राजांनी ही घरगुती विद्या राज्याच्या कामाला लावली. त्यांच्या साम्राज्यात ठिकठिकाणी डोंगरउतारावर ओळीने बांधलेली सरकारी कोठारे होती. पेरूतील वानुको पांपा या एका ठिकाणीच जवळजवळ पाचशे कोठारांचे अवशेष सापडले आहेत. उतारावर वारा खेळतो आणि गारवा राहतो, म्हणून जागा तेथे निवडलेली. काही कोठारांच्या तळाला दगड घालून हवा फिरण्याची सोयही केलेली. पुढे स्पॅनिश लोक आले. १५४५ साली पोतोसी येथे चांदीची प्रचंड खाण सापडली आणि तेथे राबणाऱ्या मजुरांचे पोट चून्योवर भरू लागले. १५५३ साली ज्याचा ग्रंथ छापला गेला तो स्पॅनिश बखरकार सिएसा द लेओन लिहून गेला आहे की, नुसता चून्यो पोतोसीला नेऊन विकून कित्येक स्पॅनिश लोक श्रीमंत होऊन मायदेशी परतले. बेगमी करणारे हात एकाचे आणि तिचा पैसा दुसऱ्याच्या गाठीला, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा युरोपात पोचला. चून्योची विद्या मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. ती तशी थंडी आणि तसे ऊन एकत्र असल्यावाचून साधणारीही नव्हती. आरंभी लोक बटाट्याला भीत. पण एक गुण त्यांच्या लवकर ध्यानात आला. लढाईच्या काळात सैन्य आले की कोठारातले धान्य लुटून नेई. पण वावरात पुरलेला बटाटा खणीत बसायला शिपायांना सवड नसे. ज्या घराचे अन्न जमिनीखाली ते घर वाचे. अठराव्या शतकातल्या लढायांनी बटाट्याचा जितका प्रसार केला तितका राजाज्ञांनीही केला नसेल.

सर्वांत अधिक तो रुजला आयर्लंडमध्ये. तेथील जमीन बड्या जमीनदारांच्या मालकीची. कुळाने धान्य पिकवायचे ते खंड भरण्यासाठी, आणि स्वतःचे पोट उरलेल्या तुकड्यावर भरायचे. थोड्या जमिनीत घरभर माणसांना पुरेल असे एकच पीक होते, बटाटा. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोक जवळजवळ संपूर्णपणे बटाट्यावर जगत. राबणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, असे हिशेब आहेत. घरोघरी बटाट्याचा साठा म्हणजे अंगणाच्या कडेला पेंढा आणि माती यांनी झाकलेला खड्डा. ऑक्टोबरात भरायचा आणि लागेल तसा उघडायचा.

हा साठा वर्षाला पुरत नसे. मे-जूनपर्यंत जुने बटाटे संपत किंवा मोड फुटून निःसत्त्व होत, आणि नवे यायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडे. मधले दोन-तीन महिने म्हणजे उपासाचे दिवस, असे सर्वांनी गृहीतच धरलेले असे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात गरिबाघरची कणगी रिकामी होते, तसाच हा प्रकार. त्या दिवसांत पुरुष कापणीच्या मजुरीसाठी इंग्लंड-स्कॉटलंडला जात, आणि पुष्कळ बायका खोपटाचे दार लावून मुलांसह दूरच्या गावी भीक मागत हिंडत. म्हणजे एरवीच्या चांगल्या वर्षांतही तेथील बाईच्या हाती बेगमी आणि बेणे यांत अंतर ठेवायला फारशी जागा नव्हती.

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये बटाट्यावर नवा रोग दिसला. बेल्जियम, हॉलंड, इंग्लंड असा तो पसरत आला होता. पाने काळी पडत आणि शेताला दुर्गंधी सुटे. तरीही पुष्कळ ठिकाणी खणलेले बटाटे वरून चांगलेच दिसले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नेहमीप्रमाणे खड्डे भरले. काही आठवड्यांनी खड्डे उघडले तेव्हा आत काळा, घाण लगदा होता. त्या क्षणी त्या घरातल्या बाईला काय वाटले असेल याची कल्पना आपल्याला करता येईल. कारण डबा उघडून आत जाळी लागलेली पाहण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. पण आपला एक डबा जातो. तिचे सारे वर्ष गेले होते.

सरकारने लिंडली, प्लेफेअर आणि केन या शास्त्रज्ञांची समिती नेमली. त्यांना वाटले, दोष ओलाव्याचा आहे. म्हणून त्यांनी सांगितले की, बटाटे वाळवा, खड्ड्यात हवा खेळवा, थरांमध्ये कोरडी माती आणि चुना घाला, आणि सडलेले असतील ते किसून त्यांचे पिष्ट काढा. या सूचनांच्या हजारो प्रती वाटल्या गेल्या. कंद साठविण्याच्या जुन्या शास्त्राप्रमाणे त्यांत बरेच शहाणपण होते, परंतु रोग निराळाच होता. माइल्स बर्कली या धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये सांगितले की, पानांवरची बुरशी हेच रोगाचे कारण आहे. पण ते सिद्ध व्हायला १८६१ साल उजाडले आणि ते काम अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने केले. पानांवरच्या बुरशीची बीजे पावसाने धुपून मातीत उतरतात आणि कंदाला लागतात. कंद खणताना चांगला दिसतो आणि साठ्यात गेल्यावर आतून सडतो. म्हणजे खड्डा कितीही नीट केला असता तरी उपयोग नव्हता; रोग बेगमीबरोबरच घरात आला होता. त्यावरचा मोरचूद-चुन्याचा उपाय, ज्याला आपले बागाईतदार बोर्डो मिश्रण म्हणून ओळखतात, तो फ्रान्समध्ये १८८५ साली प्रसिद्ध झाला. आयर्लंडला तो चाळीस वर्षे उशिराने मिळाला.

१८४६ साली पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. सरकारने अमेरिकेहून मका आणविला. पण तो कठीण दाणा कसा दळायचा आणि किती शिजवायचा हे तेथल्या बायकांना ठाऊक नव्हते. अर्धकच्चे खाऊन लोक पोटाच्या दुखण्यांनी हैराण झाले. त्याच काळात देशातून धान्य आणि गुरे बाहेर विक्रीला जातच होती. या दुष्काळासाठी मदतनिधी जमविण्यात आपल्या देशातले कलकत्ता शहर अगदी आरंभीच्यांपैकी होते. तेथून सुमारे १४ हजार पौंड गेले.

आणि आता बेण्याची गोष्ट. १८४७ च्या उन्हाळ्यात रोगाचा जोर कमी होता. जे बटाटे लावले गेले ते बहुतेक चांगले आले. परंतु लावले गेलेच किती? १८४५ साली आयर्लंडमध्ये वीस लाख एकरांवर बटाटा होता. १८४७ साली तो तीन लाख एकरांहूनही कमी होता. कारण बेणे उरलेच नव्हते. काही रोगाने सडले होते, आणि जे राहिले होते ते लोकांनी त्या भयंकर हिवाळ्यात खाऊन टाकले होते. म्हणून रोग ओसरलेले हे वर्षच आयरिश लोकांच्या स्मरणात 'काळे सत्तेचाळीस' म्हणून राहिले. १८५१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६५ लाख ५२ हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली, आणि आणखी दहा लाखांवर देश सोडून गेली.

बेणे खाणे हा अविचार, असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. पण घरात दोन मुले भुकेने निपचित पडली आहेत आणि कोपऱ्यात टोपलीभर बेणे आहे, अशा आईने काय करावे? तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. दोष असलाच तर तो अशा व्यवस्थेचा, जिच्यात लक्षावधी घरांना एकाच पिकाच्या एकाच साठ्यावर जगावे लागले आणि तो गेल्यावर त्यांच्या हाती वेळेवर दुसरे काही पडले नाही. बेणे राखले जावे असे ज्याला वाटत असेल, त्याने आधी खाणाराच्या ताटात काही वाढले पाहिजे.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याचा वेढा होता. त्या शहरात निकोलाय वाविलोव्ह या थोर शास्त्रज्ञाने वाढविलेली वनस्पतिसंस्था होती. तिच्यात जगभरची बियाणी गोळा केलेली होती, आणि बटाट्याच्या संग्रहात थेट अँडीजमधून आणलेले वाणही होते. धान्याचे बी पुडीत राहते. बटाटा जिवंत ठेवावा लागतो आणि दरवर्षी लावावा लागतो. शहराबाहेरच्या पाव्लोव्हस्क येथील शेतातून, तोफांच्या माऱ्यात, अब्राहम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया या संशोधकांनी हे बटाटे काढून शहरात आणले. संस्थेच्या तळघरात ते ठेवले. १९४१-४२ चा तो हिवाळा विलक्षण कडक होता. बटाटे गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूडफाटे, सामानसुमान जाळून ऊब राखावी लागे. उंदीर आणि चोर यांच्यापासून पहारा करावा लागे. शहरात पावाचा शिधा काही आठवडे बहुतेकांना माणशी १२५ ग्रॅमवर आला होता. ओल्गाबाई आणि त्यांचे सहकारी वादिम लेखनोविच यांनी त्या तळघराची राखण केली. संस्थेतील अनेक माणसे बियाण्यांच्या पुड्यांमध्ये बसून उपासमारीने मेली. तांदळाच्या वाणांची राखण करणारे द्मित्री इवानोव्ह हे त्यांतलेच. स्वतः वाविलोव्ह तेव्हा आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते. २६ जानेवारी १९४३ रोजी तेही सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीनेच गेले. १९४२ च्या वसंतात ते बटाटे पुन्हा मातीत लावले गेले.

आयर्लंडची ती अनाम आई आणि लेनिनग्राडच्या ओल्गाबाई, या दोघींना एकमेकींच्या समोर उभे करून कोण श्रेष्ठ ते ठरवू नये. एकीने मुलांना जगविण्यासाठी बेणे शिजविले, दुसरीने पुढच्यांसाठी ते राखले. दोघींवरही असा प्रसंग यावा यातच त्या त्या काळाची शरम आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला, म्हणून पश्चिम किनाऱ्याला तो बटाटा आणि उत्तरेत आलू. गंमत अशी की, 'बटाटा' हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि तो होता रताळ्याला! आपल्या देशात बर्फाची साठवण लागते ती लडाखसारख्या भागात. तेथे लोक बटाटे, गाजरे, सलगम, मुळे जमिनीतल्या खड्ड्यांत पुरून कडाक्याचे महिने काढतात. बाकीच्या भारतात अडचण उलटी आहे. मैदानी प्रदेशातला बटाटा निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि लागलीच पुढे उन्हाळा. त्यांचा वैरी हिवाळा, आपला वैरी वैशाख.

त्यावर आपल्या शेतकऱ्यांनी काढलेली तोड म्हणजे आरण. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांत झाडाच्या सावलीत किंवा कुडाच्या आडोशाला बटाट्यांची रास रचतात आणि उसाचे पाचट किंवा गवत यांनी जाड झाकतात. ऊन लागत नाही, उजेड लागत नाही आणि वारा मात्र खेळतो. युरोपातल्या पेंढा-मातीच्या राशीची ही धाकटी बहीणच म्हणावी. फक्त तिला थंडीपासून जपायचे, हिला उन्हापासून. या साठ्यात एक पतंग अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या बटाटा पोखरतात. त्यावर घाणेरीचा किंवा निंबाचा सुका पाला पसरला तर किडीला आळा बसतो, हे संशोधकांनीही पडताळून पाहिले आहे.

आरण खाण्याच्या बटाट्याला दोन-तीन महिने सांभाळते. बेण्याची गोष्ट अधिक अवघड होती. बटाट्याला विषाणूंचे रोग जडतात, ते मावा किडीने पसरतात, आणि तेच बेणे वर्षानुवर्षे लावीत राहिले तर पीक खंगत जाते. मावा कमी असतो तो थंड डोंगरात. म्हणून चांगल्या बेण्यासाठी पहाडाकडे पाहावे लागे. १९४९ साली पाटण्यास मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था निघाली आणि १९५६ साली ती सिमल्यास गेली. तेथील शास्त्रज्ञ पुष्करनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, उत्तरेच्या मैदानातही हिवाळ्याचे काही आठवडे माव्याचा उपद्रव नसतो. तेवढ्या मुदतीत पीक घ्यावे, मावा वाढण्यापूर्वी वरचा पाला कापून टाकावा, आणि कंद काढून थेट शीतगृहात पुढच्या ऑक्टोबरपर्यंत निजवून ठेवावेत. आज आपल्या सातगाव पठारावरचा शेतकरी पंजाबहून बेणे आणतो, त्यामागे ही खटपट आहे.

शीतगृहात बेणे दोन ते चार अंशांवर ठेवतात. इतक्या गारव्यात पार्सनिपचीच गोष्ट घडते, पिष्टाची साखर होते. म्हणून कधीकधी बाजारचा बटाटा गोडसर लागतो आणि काचऱ्या तळताना लवकर काळ्या पडतात. असा बटाटा आला तर नाराज होऊ नये. आठ-दहा दिवस घरात साध्या हवेत, अंधाऱ्या जागी उघड्या टोपलीत राहू द्यावा. गोडी बरीच उतरते. फ्रिजमध्ये ठेवला तर उलट वाढते. हिरवा पडलेला भाग मात्र निर्दयपणे कापून टाकावा, आणि बटाट्याची टोपली कांद्यांपासून दूर ठेवावी.

आज आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी आठवड्याची भाजी पिशवीतून येते. बेगमी चार डब्यांवर आली आहे आणि बेणे हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागतो. यात हळहळण्यासारखे सारेच नाही. भीक मागत फिरणाऱ्या त्या आयरिश बायकांचे दिवस पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. परंतु आपले पोट आज ज्या साठ्यावर चालते तो दूर कोठेतरी, आपल्या नजरेआड आहे, आणि तो राखणारे कोणीतरी आहे, इतके भान असावे. शिवाय आपल्या मंडळात अजून अशा वडीलधाऱ्या भगिनी आहेत की ज्यांना सुरण कोणत्या महिन्यात काढायचा, राखेत ठेवायचा की मातीत, करांद्यांवर कोणता पाला घालायचा आणि आल्याचे बेणे कसे ओळखायचे हे हातचे ठाऊक आहे. ते पुस्तकात फारसे लिहिलेले नाही. त्यांच्याजवळ बसून कोणीतरी ते वहीत उतरवून घ्यावे. खाऊन संपणारी गोष्ट आपण पुष्कळ जमविली. पुढच्या पावसाला लावता येईल असे थोडे तरी बाजूला राहू द्यावे.